अक्षयाचा खरा आवाज

मी चेट्टियारीण, म्हणजे वाणीण, बाहुली बोलतेय. कुंभकोणमला पंकजाक्काच्या घरी नवरात्रात बाहुल्यांचा कोलू मांडतात ना, त्यात अगदी खालच्या पायरीवर नवऱ्याशेजारी तांदूळ-डाळीचं दुकान थाटून बसलेली जाडी बाई, ती मीच. देव वरच्या पायऱ्यांवर, त्यांच्यापर्यंत बायकांच्या गप्पा पोचत नसाव्यात. मला सगळं ऐकू येतं. चटई माझ्या पुढ्यातच असते.

मला मातीतून घडवलं, भट्टीत भाजलं, हिरवं लुगडं रंगवलं. पंकजाक्काच्या सासूबाईंनी बाजारातून आणलं. माझ्या नाकाचा टवका उडालाय तो शेजारच्या अक्षयामुळे. चार वर्षांची असताना मला आंघोळ घालायला निघाली होती. तेव्हापासून ती मला घरचीच वाटते.

तीच अक्षया पंधराव्या वर्षी सिनेमात गेली. तीन तमिळ चित्रपट केले. चटईवर तेव्हा दुसरा विषयच नव्हता. पण पडद्यावर तोंड हलायचं अक्षयाचं आणि आवाज यायचा भलत्याच मुलीचा, गोड, चिवचिवता. "तुझा आवाज भरडा, नायिकेला शोभत नाही," असं तिला कुणीतरी सांगितलं होतं म्हणे.

अठराव्या वर्षी कामं थांबली. ती परत आली, शिकली, लग्न झालं, आता इथल्याच बँकेत आहे, राहतेही शेजारीच. बायका अजून तिच्याबरोबर फोटो काढतात, तीही हसून उभी राहते. मात्र कोलूला आलेल्या प्रत्येकीनं एक गाणं म्हणायचं असतं, त्या वेळी हिचा घसा हटकून बसलेला. वीस वर्षं!

यंदा पंचमीला ती सगळ्यांच्या आधी आली.

"अक्का, एका सिनेमात आईचं काम विचारलंय. माझ्याच आवाजात. एक संवाद बोलून आज पाठवायचाय. नको म्हणून कळवते."

"का गं?"

"तोंड उघडलं की हसतील."

अक्कानं पुढे केलेली सुंडलची, म्हणजे प्रसादाच्या उसळीची, वाटी मागे घेतली. "गाणं नको म्हणूस. तो संवाद म्हण. त्याशिवाय सुंडल नाही नि हळदकुंकू पण नाही."

"अक्का, मी काय लहान आहे?"

"चण्याचं केलंय. वर खोबरं घातलंय."

अक्षया हसली. बोलायला समोर कुणीतरी हवं, म्हणून माझ्यापुढे मांडी घालून बसली. अक्कानं रेकॉर्ड करायला फोन धरला. प्रसंग असा, की मुलगी रागावून घर सोडून निघालीय आणि आई तिला बोलतेय.

"जा! कोण अडवतंय? पण जेवून जा. उपाशी गेलीस तर मी रोज दोघींचं रांधीन, आणि रोज एकटी बसेन."

आवाज खालचा, खरखरीत, जात्याच्या घरघरीसारखा. मी मातीची, जागची हलणार कुठे? तरी वाटलं, आपणच उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलंय, आता मागे फिरावं.

तेवढ्यात दारात भुवनेश्वरी मामी. साक्कोट्टैहून वर्षातून एकदा येतात. रेशमी साडी, पण चपला परत पायांत घालत होत्या.

"पंकजा, तुमच्यात भांडण चाललंय, मी उद्या येते. पण आधी त्या पोरीला वाढा गं कुणीतरी!"

"कुठली पोर, मामी? अक्षया संवाद म्हणतेय!"

"ही अक्षया?" मामी आत आल्या. त्यांनी तिला फक्त सिनेमातच बोलताना ऐकलेलं. "मग पिक्चरमध्ये ती चिमणी कोण ओरडत होती?"

अक्षया इतकी हसली, की डोळे पुसावे लागले. मग तिनं फोन घेतला आणि तसंच, मामींच्या गोंधळासकट, पाठवून दिलं. सुंडल दोनदा मागून खाल्लं.

आज दसरा झाला. अक्का मला जुन्या धोतरात गुंडाळतेय, मग वर्षभर पेटीत. अजून उत्तर आलेलं नाही. अक्षया दिवसातून दहादा फोन बघते, तरी परवा आपल्या दाराची पायरी झाडताना मोठ्यानं गात होती. अक्का, मी तुझ्याकडे कधी काही मागितलं नाही. उत्तर आलं, मग ते 'हो' असो की 'नाही', तर नवरात्राची वाट बघू नकोस. झाकण उघड आणि मला सांग.