राहत असल्याचा पुरावा

सरकारी सोडतीत घर लागलं तेव्हा रंजिताने अख्ख्या टोकावड्यात पेढे वाटले. शहराच्या कडेला, सोळाव्या मजल्यावर दोन खोल्या. नवरा सुनिल तिथल्याच गोदामात कामाला होता. गावातली त्यांची खोली दिराने पाडली आणि जागा ढाब्याला दिली.

नव्या वसाहतीत शाळा मात्र नव्हती. 'शाळेसाठी राखीव' अशी पाटी होती आणि तिच्यामागे कमरेएवढं गवत. जवळच्या पालिकेच्या शाळेत आठवीला जागा नव्हती, खासगी शाळा आवाक्याबाहेरची. म्हणून मुलगी रुचिता टोकावड्यातच मावशीकडे, बाईजाकडे राहिली.

भाद्रपदात रुचिताला ताप भरला. रंजिता चार दिवस तिच्याजवळ राहून परतली, तर दारावर नोटीस चिकटवलेली. तपासणीत घर बंद आढळले. कुटुंब राहत असल्याचा पुरावा द्या, नाहीतर घर रद्द.

ती लाइट बिल घेऊन कार्यालयात गेली. साहेबांनी ते बाजूला सारलं.

"मुलीच्या शाळेचं बोनाफाईड आणा."

"ती टोकावड्याला शिकते, साहेब."

"म्हणजे कुटुंब इथं राहत नाही."

"इथं शाळाच नाय, तर पोरीला ठेवू कुठं?"

"शाळेचं खातं वेगळं. माझ्याकडे घरांचं काम आहे. परत तपासणीला माणूस येईल, तेव्हा तिघंही घरात दिसा."

"कधी येईल?"

"ते आधी सांगत नाहीत."

रात्री सुनिल म्हणाला, "घर गेलं तर जायचं कुठं?" दुसऱ्या दिवशी रंजिता रुचिताला घेऊन आली.

तपासणीवाला अठराव्या दिवशी सकाळीच, सुनिल कामाला निघण्याआधी आला. तोवर रुचिताची सहामाही परीक्षा बुडाली होती. त्याने खोल्या पाहिल्या, तिघांना दारात उभं करून फोटो काढला.

"मुलगी कितवीत?"

"आठवीत," रुचिताच बोलली.

शाळेचं नाव त्याने विचारलं नाही. कागदावर सही घेतली आणि तो लिफ्टकडे गेला.

रुचिताने लगेच दप्तर भरायला घेतलं. "आई, उद्या सकाळच्या एसटीने जाऊ ना? बाई म्हणाल्या, माझी परीक्षा वेगळी घेतील."

रंजिताने हातातला कागद पुन्हा वाचला. खाली बारीक अक्षरात छापलं होतं: पुढील तपासणी कधीही होऊ शकते.

"थांब गो जरा," ती म्हणाली.

"किती दिवस?"

रुचिता भरलेलं दप्तर मांडीवर घेऊन बसून राहिली.