उत्तरेची भिंत

नॉर्मन क्रॅबट्रीने भिंतीवर तळहात टेकला आणि वरून खाली सावकाश फिरवत नेला. मागे उभ्या असलेल्या तीसेक माणसांनीही आपापल्या समोरच्या काँक्रीटवर हात ठेवले. दोघातिघांनी तर देवळात मिटावेत तसे डोळे मिटून घेतले.

"लागतात का रेषा?" त्याने विचारलं. "लाकडाच्या आहेत. फळी गेली, तिचं अंग मागे राहिलं."

फेलगेट कोर्ट या राहत्या घरांच्या इमारतीचं काम सदुसष्ट साली चालू होतं तेव्हा नॉर्मन तिथे सेंट्रिंगचा सुतार होता. खरबरीत फळ्यांचा साचा ठोकायचा, त्यात काँक्रीट ओतायचं, ते धरलं की फळ्या सोडवायच्या. लाकडाची प्रत्येक गाठ, प्रत्येक शीर काँक्रीटवर उमटून राहायची. गावाने पन्नास वर्षं या इमारतीला तुरुंग म्हटलं, करडी पीडा म्हटलं, आणि आता सप्टेंबरातल्या या वारसादिनाला लंडनहून माणसं आगगाडीने तिला भेटायला आली होती. त्यांच्या खांद्यावरच्या कापडी पिशव्यांवर तिचं चित्र होतं. खाली सभागृहात तिचं चित्र छापलेली ताटं पुसायची फडकीही विकायला ठेवली होती, आणि नॉर्मनला त्याचं सकाळपासून हसू येत होतं.

चौथ्या मजल्याच्या सज्जात सगळे एका जागी थबकले. खरबरीत भिंतीत हातभर रुंदीचा एकच पट्टा गुळगुळीत होता. माहितीपत्रकात त्यावर अर्धं पान खर्ची पडलं होतं. रेषांच्या गजबजाटात वास्तुकाराने जाणूनबुजून ठेवलेलं मौन, असं काहीसं त्यात म्हटलं होतं.

"मौन कसलं," नॉर्मन म्हणाला. "रंधा मारलेली बाजू चुकून आतल्या अंगाला लागली माझ्याकडून. मुकादमाने सगळ्यांदेखत माझी पार अब्रू काढली. त्या दिवशी सकाळी मला मुलगी झाली होती. चित्त थाऱ्यावर नव्हतं."

लोक हसले, मग टाळ्या वाजवल्या. सगळ्यांच्या मागे त्याची बायको म्युरिएल कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावून उभी होती. तिने टाळ्या वाजवल्या नाहीत.

म्युरिएलने शेहेचाळीस वर्षांत फेलगेट कोर्टात पाऊल टाकलं नव्हतं. बस या बाजूने जाणार असली तर ती एक थांबा आधीच उतरून लांबच्या वाटेने चालत जाई. आज सकाळी नॉर्मन बूट घालत होता तेव्हा ती मुकाट्याने कोट चढवून दारात येऊन उभी राहिली. का, ते त्याने विचारलं नाही. न विचारण्याची दोघांना इतक्या वर्षांत सवयच होऊन गेली होती.

सहल नेणारी टॅमसिन जेमतेम तिशीची होती. इमारत वाचवण्यासाठी ती दोन वर्षं पायाला भिंगरी लावून फिरत होती. तिने नॉर्मनला फोनवर तीनदा तीच गोष्ट समजावली होती. नगरपालिका इमारत पाडायला निघाली आहे. वारसा यादीत नाव लागलं तरच ती वाचेल. नगरपालिकेचं म्हणणं एकच, ही घरं पहिल्या दिवसापासून ओल धरणारी, राहण्याच्या लायकीची नव्हतीच. टॅमसिनच्या मंडळाचं म्हणणं, ओल मागाहून आली, गच्चीची पन्हाळी वर्षानुवर्षं कुणी दुरुस्त केली नाहीत म्हणून. सुरुवातीला राहायला आलेल्या कुणीतरी छातीठोकपणे सांगायला हवं होतं की घरं कोरडी होती. ते लोक बहुतेक गेले होते. नॉर्मनने तर इमारत बांधली होती आणि पुढे तो तिच्यात राहिलाही होता. ऑक्टोबरात यादीचे अधिकारी त्याचं बोलणं ऐकणार होते.

इमारत राहावी, असं नॉर्मनलाही मनापासून वाटत होतं. फळ्यांसाठी नाही, त्या काय कुठेही ठोकल्या असत्या. सातव्या मजल्यावर चौऱ्याहत्तर क्रमांकाच्या घरात उत्तरेच्या अंगाला एक छोटी खोली होती. ती त्यांच्या मुलीची, जिलची खोली. जिलचे कपडे, बाहुल्या, लाल सायकल, सगळं म्युरिएलने एका आठवड्यात देऊन टाकलं होतं. फोटो अवघे दोन. जिल या जगात होती याला पुरावा म्हणून आता ती खोली तेवढीच उरली होती. दर मंगळवारी नॉर्मन हिरवळीवर म्हाताऱ्यांबरोबर चेंडू खेळायला जातो असं घरी सांगे, आणि समोरच्या बसथांब्यावर बसून तासभर त्या खिडकीकडे बघत राही.

बाकीची मंडळी चहाला खाली उतरली. टॅमसिन या दोघांना घेऊन वर निघाली. लिफ्ट बंद होती. सहाव्या मजल्याच्या वळणावर टॅमसिन पुढे गेल्यावर म्युरिएल दम घ्यायला थांबली.

"मंगळवारी तू कुठे जातोस ते ठाऊक आहे मला," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"पहिल्यापासून. चेंडू खेळणाऱ्याच्या बुटाला गवत लागतं, नॉर्मन."

त्याचा हात धरून उरलेल्या पायऱ्या चढली.

घर रिकामं होतं. टॅमसिनने छोट्या खोलीच्या खिडकीत ध्वनिमुद्रणाचं यंत्र ठेवलं, त्याचा तांबडा दिवा लागला. तिने आधी सोपं सोपं विचारलं. नॉर्मनने सांगितलं, की या घरात येईपर्यंत ते अंगणातल्या संडासाला जात होते. की पहिल्या रात्री म्युरिएल न्हाणीघरातला गरम पाण्याचा नळ सोडून नुसती बघत उभी होती, आणि जिल कपड्यांसकट टबात जाऊन बसली होती. ते सांगताना त्याचा चेहरा उजळला.

"आणि ओल?" टॅमसिनने विचारलं. "तुम्ही होतात तेव्हा इथे ओल होती का?"

खोलीची उत्तरेची भिंत नॉर्मनच्या खांद्यापासून वीतभर दूर होती. आरपार नुसतं काँक्रीट. बाहेरून यॉर्कशरची थंडी, आतून माणसांचा श्वास, आणि पहिल्याच हिवाळ्यात भिंतीला पाझर फुटला होता. तीनदा रंग काढला. तिन्ही वेळा खालून काळे ठिपके वर आले. जिलचा पलंग याच भिंतीला लागून होता. रात्रभर तिची छाती वाजायची. त्र्याहत्तरच्या जानेवारीत ती वाजायची थांबली. उत्तरेची बाजू अवघड, कुशल हाताने करायची, म्हणून नॉर्मनने मुकादमाकडून ते काम हट्टाने मागून घेतलं होतं. म्युरिएलने त्याला एका शब्दाने बोल लावला नव्हता. तिच्या मनात तो असणारच, हे धरून तो शेहेचाळीस वर्षं जगला होता.

"छे," तो म्हणाला. "कोरडी खणखणीत. उबदार."

टॅमसिनने सुटकेचा श्वास टाकला. ती म्युरिएलकडे वळली. "ही खोली कुणाची होती?"

"आमच्या जिलची."

"जिल आता कुठे असते?"

नॉर्मनने मान खिडकीकडे वळवली.

"गेली ती," म्युरिएल म्हणाली. "सहाची व्हायची होती."

टॅमसिनचा चेहरा पडला. आपल्याला कल्पना नव्हती, सांगायचं नसेल तर सांगू नका, असं ती चाचरत म्हणाली. पण म्युरिएलला सांगायचं होतं. ती यंत्राजवळ गेली आणि पत्ता सांगावा तसं एकेक शब्द सुटा करत बोलली.

"छातीत सर्दी भरली. बर्फ पडला होता, मी तिला खेळायला पाठवलं. कोट न घालता. घर चांगलंच होतं. माझ्याच हलगर्जीपणाने गेली ती."

नॉर्मन तिच्याकडे बघत राहिला. त्या जानेवारीत बर्फ पडला नव्हता. जिल तीन आठवडे अंथरुणातून उठलीच नव्हती, आणि म्युरिएल तिच्या उशापासून हलली नव्हती. आता ती त्याच्याकडे शांतपणे बघत होती, तो कामावर निघाला की डबा हातात देताना बघायची तशी. ती आज का आली ते त्याला तेव्हा कळलं. दोष स्वतःवर घेऊन ती त्याची ही खोली वाचवायला आली होती.

"फार उपकार झाले तुमचे," टॅमसिन हलकेच म्हणाली. यंत्र बंद करायला तिने हात पुढे केला.

नॉर्मनने तो मध्येच धरला. "थांब, पोरी. ही बोलली ते खोटं आहे. त्याआधी मी बोललो तेही."

"नॉर्मन, नको," म्युरिएल म्हणाली.

"भिंत ओली होती. पहिल्या हिवाळ्यापासून. कामावर जायच्या आधी मी रोज पुसायचो, दोन फडकी पिळून निघायची. पोर घराबाहेर गेलीच नव्हती." त्याने भिंतीवर तळहात टेकला. "आणि ती भिंत मी उभी केली होती."

म्युरिएलच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती.

"मिस्टर क्रॅबट्री," टॅमसिन म्हणाली, "हे त्यांनी ऐकलं तर मग काही उरत नाही आपल्याकडे. मी शेवटचं काढून टाकू शकते. कुणाला कळणार नाही."

"हिच्या नावावर तो दोष नको राहायला," नॉर्मन म्हणाला. "ठेव."

टॅमसिनने यंत्र उचललं. दारापर्यंत जाऊन ती घुटमळली. खाली चहा गार होईल, असं काहीतरी बोलली.

"तुम्ही सुरू करा," म्युरिएल म्हणाली. ती नॉर्मनशेजारी, पलंग असायचा त्या कोपऱ्यात, भिंतीला टेकून उभी राहिली होती. "आम्ही थोडा वेळ थांबलो इथे तर चालेल ना?"