उजवीकडचा आवाज

मित्रांनो, गावाला पाणी पुरवणाऱ्या पंपघराच्या दाराआड खिळ्याला टांगलेली जी जुनी लोखंडी सळई आहे, ती मी. मूळची मी एका मोडक्या दांड्याचा तुकडा. इथल्या मिस्त्रींनी मला भट्टीत तापवून सरळ केले, एका टोकाला लाकडाची गोल मूठ बसवली आणि कामाला लावले. चालत्या पंपावर माझे टोक टेकवायचे आणि मूठ डाव्या कानापुढच्या हाडावर दाबायची. आतले बेअरिंग गुळगुळीत फिरते की खरखरते, ते मी थेट त्यांच्या कानात पोचवत असे. मोठे साहेबही विचारायचे, "मिस्त्री, सळई काय म्हणते?" लोखंडाला मांस नसते, तरी माझ्या अंगावर मूठभर चढायचे.

पंपघरात दोन पंप. डावीकडचा मिस्त्रींच्या ताब्यात, उजवीकडचा त्यांच्या जोडीदाराच्या. जोडीदार काडीसारखा, म्हणून सगळे त्याला पैलवान म्हणत.

मग मिस्त्रींच्या डाव्या कानात शिट्टी वाजू लागली, चालताना झोक जाऊ लागला. कानाच्या नसेवर गाठ निघाली. कॅन्सरची नव्हे, पण वाढणारी. रेडिएशन घेऊन ते परतले. पुढे तपासणीचा निकाल आला तेव्हा सांगत सुटले, "गाठ थांबली. सुटलो." ऐकू येणे पुढेही हळूहळू कमी होऊ शकते, कान तपासत राहा, असेही डॉक्टरांनी बजावले होते. ते त्यांनी कुणालाच सांगितले नाही.

बरेच दिवस ठीक गेले. मग एकदा मी डाव्या पंपावर टेकलेली असताना मिस्त्रींनी मान वळवून उजवीकडे पाहिले.

"पैलवान, तुझा पंप खरखरतोय."

"माझा? लोण्यासारखा फिरतोय की."

"मला शिकवतोस?"

"तुम्हाला शिकवून मला जेवण पचेल का, मिस्त्री?"

उजवा पंप उघडला. आत सगळे स्वच्छ. मिस्त्रींनी मला त्यावर टेकवले, तर आवाज मऊ. पुन्हा आपल्या पंपाशी आले, की उजवीकडून खरखर. त्यांनी मनाशी ताडले, आपली पाठ वळली की हा काहीतरी करतो.

खरे सांगते, मलाही पैलवानाचा संशय येऊ लागला. तेलाच्या डब्याशी हा इतका वेळ काय करतो? माझ्याकडे असा का बघतो? मिस्त्री तर जो डावीकडून बोलेल त्याच्यावर चिडत. त्यांना वाटे, सगळे मुद्दाम कुजबुजतात. शेवटी पैलवानाचा हात लागू नये म्हणून ते मला कापडात गुंडाळून घरी घेऊन गेले.

घरी बायको शिवणयंत्रावर बसली होती. मिस्त्री तिला म्हणाले, "उद्या साहेबांना सांगतो. पैलवानाला काढा, नाहीतर मी तरी जातो."

ती काहीतरी बोलली.

"आता तूही कुजबुजायला लागलीस?"

"अहो, मी ओरडतेय. शेजारी येतील आता भांडण सोडवायला."

आपला कान ठीक आहे हे तिला दाखवावे म्हणून त्यांनी माझे टोक शिवणयंत्रावर टेकवले, मूठ डाव्या कानापाशी दाबली. "चालव."

तिने पायडल मारले. मिस्त्रींनी चटकन उजवीकडच्या कपाटाकडे पाहिले. "त्या कपाटात काय खटखटतंय?"

तिने पाय थांबवला. "आता?"

"गप्प झालं."

तिने पुन्हा पाय हलवला. "आता?"

"कपाटातच."

"अहो, कपाट कधीपासून शिवायला लागलं?" ती हसली, आणि त्यांचा चेहरा पाहून थांबली.

मिस्त्री उठले. खुर्ची फिरवून पाठमोरे बसले. आता कपाट डावीकडे आले होते. माझे टोक पुन्हा यंत्रावर टेकवून मूठ डाव्या कानापाशी धरली आणि तिला यंत्र चालवायला लावले. खटखट मात्र उजवीकडेच होती, जिथे नुसती भिंत होती.

त्यांनी मला खाली ठेवले. मग म्हणाले, "म्हणजे खरखर माझ्याच पंपाची."

दुसऱ्या दिवशी त्यांनी डावा पंप उघडला. बेअरिंगला खड्डे पडले होते. आणखी थोडे चालते, तर पंप जाम होऊन गावाचे पाणी बंद पडले असते.

"पैलवान, मी तुझ्यावर संशय घेतला," मिस्त्री म्हणाले.

"कळत होतं. तेल घालताना मानेवर डोळे टोचायचे तुमचे," तो म्हणाला आणि पाना पुढे केला.

मग कानाची तपासणी झाली. डावा कान जवळजवळ गेला होता. माझा आवाज डोक्याच्या हाडातून पलीकडे जाऊन चांगल्या कानाला भेटत होता. उपचार चुकला नव्हता. गाठ खरेच थांबली होती, ऐकू येणे कमी होणे मात्र थांबले नव्हते.

आता मूठ उजव्या कानापाशी असते. मिस्त्री ऐकतात, मग मला पैलवानापुढे धरतात. "तू ऐक." पैलवान बोलतो तोही उजव्या बाजूला उभा राहून.

मित्रांनो, मला गंज चढू नये म्हणून मिस्त्री मला रोज पुसतात. कानाला गंज दिसत नाही, म्हणून तो तपासून घ्यावा. गाठ थांबल्याची बातमी ही गाठीची असते, कानाची नव्हे. आणि कुणाचा संशय आलाच, तर साहेबांकडे जाण्याआधी एकदा खुर्ची फिरवून बसा.