कोरडा कागद

"पाना खाली ठेवा बाबा. हे नुसतं हातानं आवळायचं."

"हातानं आवळलेला सांधा म्हणजे सांधाच नव्हे," बाबा म्हणाले. पण पाना त्यांनी खाली ठेवला. चाळीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या पंपांवर काढलेला माणूस. त्यांच्या पंपांच्या पोटात माणूस उभा मावायचा. आणि आता लेकीच्या टेबलावर संगणकाचं उघडं खोकं होतं, करंगळीएवढ्या नळ्या होत्या आणि मुठीत मावेल असा एक पंप.

"हा पंप आहे की शाईची दौत?"

"दौत तर दौत. पण तुमच्याशिवाय कुणाच्या हातात दिला नसता."

बोलणं मायेचं होतं, आवाज मात्र सपाट. आई गेल्याला दोन महिने झाले होते आणि तेव्हापासून घरात सगळं याच आवाजात बोललं जाई. "चहा?" "हं." "गोळी?" "घेतली." रडणं पहिल्या चार दिवसांतच आटलं. बाबा सकाळी देवासमोर बसत, हात जोडत, आणि काय मागायचं ते न आठवून उठत.

लेकीचं काम घरांची चित्रं काढण्याचं. पाया खणायच्या आधीच घर कसं दिसेल, दुपारचं ऊन कुठल्या खिडकीतून येईल, ते ती संगणकावर उभं करून दाखवी. एकेक चित्र तयार व्हायला तासन्‌तास लागत, आणि तेवढा वेळ ग्राफिक्स कार्डावरचे तीन पंखे पिठाच्या गिरणीसारखे घरघरत राहत.

आई गेली त्या दुपारीही ते घरघरत होते. बाबा औषधं आणायला गेले होते. आई पलीकडच्या खोलीत अंथरुणावर, आणि लेक इकडे पाठ करून कामात. बाबा परतले तेव्हा सगळं संपलं होतं. पाण्याचा पेला जमिनीवर आडवा पडला होता. आईनं हाक मारली असेल का? "ठमे" अशी हाक ती मारायची, एकटी तीच मारायची, आणि लेकीनं "ओ" दिली नाही असं कधी घडलं नव्हतं. हा प्रश्न बापलेकींनी एकमेकांना विचारला नाही.

आता कामासाठी नवं कार्ड घ्यावं लागलं. ताकद दुप्पट, तापणंही दुप्पट. लेकीनं ते हातात घेतलं आणि म्हणाली, "याचे पंखे काढून टाकू. पाण्यानं गार ठेवू. तुम्ही आता त्या खोलीत निजता. हाक मारलीत तर ऐकू यायला हवी."

 बाबा तेव्हा चष्मा पुसत बसले होते.

तिनं नव्या कार्डावरचे पंखे उतरवले, मधल्या चौकोनी चिपवर उष्णता वाहून नेणारा लेप लावला आणि वर तांब्याचा ठोकळा बसवला. याच ठोकळ्यातून पाणी फिरणार, उष्णता घेऊन बाहेरच्या जाळीपाशी जाणार, तिथं निवून परत येणार. तेवढ्यात ऑफिसातून फोन आला, म्हणून ती स्वयंपाकघरात गेली.

बाबा एकटे राहिले. समोर सहा सांध्यांचे आटे उघडे. आता बघा, चाळीस वर्षांत या माणसानं एक आटा उघडा सोडला नव्हता. त्यांनी खिशातून नळ गळू नये म्हणून गुंडाळतात त्या पांढऱ्या टेपचं रीळ काढलं आणि प्रत्येक आट्यावर तीन वेढे दिले. सांधे हातानं आवळले. लेक परत येईपर्यंत रीळ खिशात गेलं होतं.

"आता कार्डाला वीज द्यायची नाही," तिनं सांगितलं. "नुसता पंप चालवायचा. प्रत्येक सांध्याखाली कागद. उद्यापर्यंत कागद कोरडे राहिले तर वीज."

"हे बरोबर," बाबा म्हणाले. "नवी लाइन आम्हीही एक दिवस चालवून बघायचो. मगच लोकांना पाणी."

दुपारी तीनच्या सुमारास कार्डाखालचा कागद ओला झाला. आधी मसुरीएवढा, मग नाण्याएवढा. लेकीनं पंप थांबवला, नळी उतरवली, सांधा फिरवून काढला. आट्यात पांढरी चिंधी अडकली होती.

ती त्या चिंधीकडे बघत राहिली.

"टेप मी लावली," बाबा म्हणाले.

"इथं आटा पाणी अडवत नाही बाबा. ही रबराची काळी रिंग अडवते. टेपमुळं ती नीट बसलीच नाही."

"कार्ड गेलं?"

"नाही. वीज नव्हती म्हणून वाचलं. वाळेल."

"मग रागाव तरी."

"कशाला? चांगल्यासाठीच लावलीत."

बाबांनी हात गुडघ्यांवर ठेवले. माणूस देवाशी खोटं बोलत नाही, गप्प राहतो. बाबा दोन महिने तसेच गप्प होते.

"त्या दिवशी दारसुद्धा मी चांगल्यासाठीच लावलं होतं."

"कुठलं दार?"

"तिच्या खोलीचं. औषधांना जाताना. तुझे पंखे घरघरत होते, तिचा नुकता डोळा लागला होता. घट्ट ओढून घेतलं. आलो तेव्हा मीच उघडून आत गेलो. तुझी पाठ होती. पंखे बंद असते तरी तुला ऐकू गेलं नसतं."

लेकीनं टेपची चिंधी बोटांत फिरवली. तिची बारीक गोळी झाली.

"दोन महिने?"

"हं."

"मला वाटायचं की माझ्या आवाजामुळं..."

"ठाऊक होतं. वाटू दिलं मी तुला."

खाली कुणीतरी मोटार मागं घेत होतं. लेकीनं हातातली गोळी टेबलाच्या कडेला ठेवली. मग दिवा जवळ ओढला.

"बाकीच्या पाच सांध्यांवरचीही टेप काढायला हवी. नखानं काढा. चिमट्यानं रिंगला ओरखडा जाईल."

एका दिव्याखाली दोन डोकी वाकली. संध्याकाळपर्यंत टेपचा शेवटचा धागा निघाला. पंप पुन्हा सुरू झाला. खाली नवे कागद.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लेकीनं एकेक कागद उचलून गालाला लावून पाहिला. सहाही कोरडे. तिनं ते बाबांच्या हातात दिले आणि कार्डाला वीज दिली. पडद्यावर एका अनोळखी घराच्या भिंती उभ्या राहू लागल्या. आवाज काही नाही. बाबांनी जुन्या सवयीनं स्क्रूड्रायव्हरचं टोक पंपाला आणि मूठ कानाला लावली.

"चालतोय," ते म्हणाले.

मग ते पलीकडच्या खोलीत गेले. ते दार आपोआप मिटायचं. बाबांनी सहा कोरड्या कागदांची जाड घडी केली आणि दाराखाली सारली. पुरतं उघडं राहिलं. पलंगाच्या कडेला, आई निजायची त्या बाजूला, ते टेकले. आजारी माणसाला झेपेल एवढ्याच आवाजात त्यांनी हाक मारली.

"ठमे."

कळफलकाची टकटक थांबली.

"ओ."

बाबांनी चादरीची सुरकुती सरळ केली.

"काय हवंय बाबा?"

"काही नाही. चाचणी."

 मग लेकीचा आवाज आला.

"आणखी हळू मारून बघा."