वाळून वाढलेले गहू

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला सवाष्णींची ओटी नव्या गव्हांनी भरायची, ही पद्माकाकूंच्या घरची रीत. बनारसच्या बालाजी घाटाच्या आसपासची बाकीची मराठी घरं भिजवलेल्या हरभऱ्यांवर भागवत. या घराला ते कमीपणाचं वाटे. सासूबाईंनी रीत पाळली होती, त्यांच्या सासूबाईंनीही पाळली होती. गंगेचं पाणी पायऱ्या चढून गल्लीत आलं त्याच्या पुढच्या चैत्रातही नवे गहू कुठून ना कुठून घरात आलेच होते. वेणीमाधवकाकांचे एक यजमान होते चुनारकडचे. होळी झाली की त्यांच्याकडून गोणभर गहू यायचे. पंच्याण्णव साली मात्र यजमान वारले आणि त्यांच्या मुलाने गव्हांचं काही मनावर घेतलं नाही.

काकूंनी वाट पाहिली, मग नवऱ्याला टोचून पाहिलं. वेणीमाधवकाका वेदपाठशाळेत शिकवायचे. त्यांना ऋचेतला स्वर विचारावा, घरातला डाळतांदूळ विचारू नये.

"विश्वेश्वरगंजातून विकत आण की," ते म्हणाले.

"आणि तो दुकानदार शपथेवर सांगणार का, की हे यंदाचेच गहू आहेत म्हणून?" काकू कडाडल्या. काकांनी पोथी उघडली. भांडण मिटवायची त्यांची एवढी एकच तऱ्हा होती.

शनिवारी दुपारी हळदीकुंकू. आंब्याची डाळ वाटून झाली, पन्हं माठात गेलं, गौर पाळण्यात बसली, आणि गव्हांचा पत्ता नाही. काकू तशाच घुश्शात वाळवण बघायला गच्चीवर गेल्या आणि दारातच थबकल्या. पांढरं कापड, वर लोखंडी जाळी पालथी घातलेली, आणि जाळीखाली गहू. टपोरे, सोनेरी, यंदाचे. दाताखाली एक दाणा धरला तर कट्‌कन तुटला.

मग त्यांना आठवलं. सकाळी कस्तुरी, त्यांची सून, चपला घालता घालता ओरडून गेली होती, "आई, छतावर गहू वाळत घातलेत, माकडांपासून जपा हं!"

कस्तुरी ग्वाल्हेरची. लग्नाला दोन वर्षं झाली होती. मुलगा यज्ञेश रेल्वेत, मुगलसरायला, आठवड्याच्या पाळ्या सांभाळणारा. सून सरकारच्या आकडेवारीच्या दफ्तरात. कुठल्या गावात कुठलं पीक किती आलं ते बघत भर उन्हात शेतांतून हिंडायची आणि तोंड काळवंडून घरी यायची. लोकांनी विचारलं तर काकू नुसतं "सर्विस करते" म्हणत. याची लाज वाटावी की मिरवावं, हे त्यांचं अजून ठरायचं होतं. गल्लीतल्या एकाही हळदीकुंकवाला सून कधी वेळेवर पोचली नव्हती आणि बायका ते दर वेळी न चुकता बोलून दाखवत.

आणि याच सुनेने, कुणी न सांगता, गौरीसाठी गावाकडून नवे गहू आणले होते! काकूंचे डोळेच भरून आले. पोरीला अबोल म्हणून आपण किती बोललो, आणि तिने मात्र घरची रीत ध्यानात ठेवली. काकूंनी जाळी बाजूला केली, कापडाची चारी टोकं उचलली आणि गहू खाली आणले. दुपारी दहाबारा सवाष्णी आल्या. प्रत्येकीची ओटी त्या गव्हांनी भरली गेली, आणि प्रत्येकीला काकूंनी ऐकवलं, "सुनेनं आणलेत हो, खास." शेवटची ओटी भरताना कापड झटकून घेतलं. एक दाणा उरला नाही.

दिवेलागणीला कस्तुरी घरी आली. पन्हंही न घेता आधी गच्चीवर गेली आणि रिकामं कापड हातात घेऊन खाली आली.

"आई, गहू?"

"भरल्या की ओट्या!" काकू कौतुकाने म्हणाल्या. "सगळ्यांनी वाखाणले. अगं, आधी सांगितलं असतंस तर मी दोन आठवडे एवढी परेशान झाले नसते."

कस्तुरी मटकन जिन्याच्या पायरीवर बसली. मग एकेक करून सगळं बाहेर आलं.

ते गहू सरकारी होते. चिठ्ठी काढावी तसं आधी गावाचं नाव निघतं, मग शेताचं, मग शेतातली जागा. जिथे निघेल तिथेच दोर लावून तिकोनी तुकडा आखायचा, तेवढंच पीक कापायचं, तिथेच झोडपायचं आणि तोलायचं. त्यातले किलोभर गहू घरी नेऊन वजन घटायचं थांबेपर्यंत वाळवायचे आणि पुन्हा तोलायचे, म्हणजे ओलीचं वजन कळतं. असे तुकडे गावोगाव कापले जातात आणि त्यांवरून अख्ख्या राज्यात गहू किती पिकला ते ठरतं.

"एवढ्याशा तुकड्यावरून?" काकूंच्या तोंडून निघून गेलं.

"हो, आई. शितावरून भाताची परीक्षा. म्हणून तर ते शीत खरं लागतं." कस्तुरीने डोळे पुसले. "मागच्या साली काही जणांनी शेतात न जाता घरी बसून आकडे लिहिले. आता नवे साहेब आलेत, फार सख्त. सोमवारी प्रत्येकाने आपली थैली टेबलावर ठेवायची. ज्याची थैली नाही, त्याने घरी बसून लिहिलं असं समजणार. आणि माझी नोकरी पक्की करायचे कागद त्याच दिवशी सहीला आहेत."

म्हणजे पोर भर उन्हात शेतात उभी राहून आली होती, आणि सोमवारी खोटी ठरणार होती. का, तर सासूने तिचे गहू वाटले. माकडांपासून जपा म्हणाली होती बिचारी. माकडं परवडली असती!

कस्तुरी एका शब्दाने रागावली नाही. काकूंना तेच जास्त लागलं. रविवारी सकाळी त्यांनी चहाही घेतला नाही. सुनेचा दंड धरला आणि म्हणाल्या, "चल."

"कुठे?"

"मागायला. आयुष्यात कधी केलं नाही ते करायला."

दिलेली ओटी परत मागणं म्हणजे काय हे ज्याला माहीत नाही त्याला सांगून कळणार नाही, आणि ज्याला माहीत आहे त्याच्या अंगावर आत्ताच काटा आला असेल. पहिलं घर शरदिनीबाईंचं. वयाने सगळ्यांत मोठ्या, तोंडाने सगळ्यांत फटकळ. काकूंनी खाली मान घालून सगळं सांगितलं.

"ओटी परत?" शरदिनीबाई ओरडल्या. "पद्मा, डोकं ठिकाणावर आहे ना? घरात सवाष्ण सून आहे तुझ्या! अशी ओटी कुणी परत देतं? उद्या काही बरंवाईट झालं तर माझ्या नावानं खडे फोडशील!"

काकूंना रडू फुटलं. साठी उलटलेली बाई, पण अगदी पोरीसारख्या रडल्या. "माझ्यापायी हिची नोकरी जाईल हो," एवढंच कसंबसं म्हणाल्या.

शरदिनीबाईंनी दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. मग आत वळून म्हणाल्या, "पाट मांडा गं." आणि कस्तुरीला म्हणाल्या, "बस. दिलेली ओटी मी परत करणार नाही, जीव गेला तरी नाही. पण तुझी ओटी भरायला मला कोण अडवतंय? दोन वर्षांत एकदा तरी आली आहेस का माझ्या दारात? धर पदर."

कस्तुरी पाटावर बसली. कपाळाला हळदकुंकू लागलं. देवापुढच्या वाटीतले कालचे गहू शरदिनीबाईंनी तिच्या पदरात घातले, आणि वर मूठभर आपल्या डब्यातले घातले.

"अहो, वर नको!" काकू कळवळल्या. "तेवढेच हवेत!"

"चूप बस. मिळाली तेवढीच ओटी परत भरायची ही कुठली रीत? मी काय हिशेब चुकता करतेय?"

मग घरोघर हेच. पाट, हळदकुंकू, कालचे गहू आणि वर प्रत्येकीची आपली भर. काकू पाठीमागून हातवारे करत, कुणी ऐकेल तर शपथ. गल्लीतल्याच बकुळने आपल्या वाट्याचे गहू खिरीसाठी भिजत घातले होते. तिने जीभ चावली आणि घरातले चाळून घातले. पण गंमत अशी, की कस्तुरीला "आली बाई एकदाची!" असं प्रत्येक घरी ऐकू येत होतं आणि ते ऐकून तिचा चेहरा खुलत चालला होता. तिसऱ्याचौथ्या घरापासून ती स्वतःच हसून पदर पुढे करू लागली. काकूंनी सुनेला एवढं हसताना पाहिलं नव्हतं. काळजीतही त्यांना ते बघून बरं वाटलं.

घरी येऊन कस्तुरीने पदर थैलीत रिकामा केला आणि दफ्तरातून आणलेल्या काट्याला थैली अडकवली. शेतातून आणले होते किलोभर. आता भरले सव्वा किलो.

"वाढलेच की!" काकूंच्या जिवात थोडा जीव आला. "मग झालं तर!"

कस्तुरीला हसावं की रडावं कळेना. "आई, वाळून गहू घटतात. वाढत नसतात."

काकू दाराकडे बघत हळूच म्हणाल्या, "मग काढ की त्यातले थोडे. जेवढे घटायला हवेत तेवढे. कोण बघायला येतंय?"

"किती काढू? तुम्हीच सांगा." कस्तुरीने थैली त्यांच्यापुढे सरकवली. आवाजात राग नव्हता, थकवा होता. "मी जो आकडा ठरवीन तो निघेल. घरी बसून लिहिणाऱ्यांनी वेगळं काय केलं होतं?"

काकूंनी थैलीत हात घातला. मूठ भरली. दाण्यांना हळद लागली होती, कुंकू लागलं होतं. भरल्या ओटीतून मूठ काढायची, तीही आपल्याच सुनेच्या! हात वर येईना. त्यांनी मूठ तिथेच सोडली आणि पदराला हात पुसला.

"नाही बाई," त्या म्हणाल्या. "उद्या मीच येते तुझ्याबरोबर. केलं मी, तर सांगेनही मीच."

सोमवारी त्या लाल काठाची नऊवारी नेसून सुनेबरोबर दफ्तरात गेल्या. टेबलावर थैल्या ओळीने मांडलेल्या. प्रत्येक थैली शिस्तीत थोडी थोडी घटलेली. साहेब तोलत होते, विचारत होते, आणि त्यांच्या तोंडावरची रेषा हलत नव्हती. कस्तुरीची थैली काट्याला लागली. साहेबांनी काटा पाहिला, कागदावरचा आकडा पाहिला, पुन्हा काटा पाहिला.

"सुखाने के बाद बढ़ गया?"

सगळं दफ्तर हसलं. कस्तुरीचे कान लाल झाले. ती काही बोलणार तोच काकू पुढे झाल्या आणि आपल्या बनारसी हिंदीत सगळं सांगून मोकळ्या झाल्या. गौर, गहू, ओट्या, शरदिनीबाई, बकुळची खीर, काही म्हणजे काही ठेवलं नाही. हसू हळूहळू थांबलं. साहेबांनी थैलीतून चारदोन दाणे तळहातावर घेतले. पिवळे झालेले, लाल झालेले.

"माताजी," ते म्हणाले, "किसी ने कहा नहीं कि थोड़ा निकाल दो?"

काकूंनी पदर सारखा केला. "मैंने ही कहा था, साहब."

"फिर?"

"हाथ डाला था. निकाला नहीं गया."

साहेबांनी चश्मा काढून टेबलावर ठेवला. पोरीचं आता काय होणार, एवढंच काकूंच्या डोक्यात होतं. साहेब बाकीच्या थैल्यांकडे बघत म्हणाले, "जिसको झूठ लिखना हो, वह घटाकर लाता है. बढ़ाकर तो आज तक कोई नहीं लाया."

कुणीच हसलं नाही. एकदोघांनी तर आपापल्या थैल्यांवरची नजर काढून पंख्याकडे लावली. साहेबांनी कस्तुरीच्या कागदावर वाळल्या वजनाच्या रकान्यात आडवी रेघ मारली आणि शेजारी दोन ओळी लिहिल्या. मग दुसरा कागद ओढला, नोकरीचा, आणि त्यावर सही केली. थैली उचलून दोन्ही हातांनी काकूंच्या हातात दिली. "यह आपके घर का है. सरकार का इसमें कुछ नहीं."

बाहेर आल्यावर काकू पायरीवर बसूनच राहिल्या. जीव भांड्यात पडला म्हणतात तो असा. इतकं हलकं त्यांना मुलाच्या लग्नानंतर कधी वाटलं नव्हतं. कस्तुरी शेजारी बसली, तीही हसत होती आणि डोळे पुसत होती.

"काय लिहिलं गं त्यांनी?"

"कापणीचा प्रयोग खरा, शेतावरचं वजन धरावं. वाळलेलं धरू नये."

काकूंनी थैली मांडीवर नीट घेतली. "म्हणजे राज्याच्या हिशेबात आपले गहू आले?"

"शेतातले आले, आई. ओटीतले नाही आले."

"ते कशाला येतील?" काकू म्हणाल्या. "ओटीतले मोजायचे नसतातच मुळी." आणि सुनेच्या हाताचा आधार घेऊन उठत त्यांनी रिक्षावाल्याला हाक मारली.