खोलवाडीचं सार्वजनिक हेल्मेट

मित्रांनो, मी एक जुनं हेल्मेट आहे. मानवी मेंदू ही निसर्गाची सर्वश्रेष्ठ निर्मिती असून तिच्या रक्षणाचं पवित्र कार्य माझ्यावर सोपवलेलं आहे. मोटार वाहन कायद्याच्या एकशे एकोणतिसाव्या कलमात माझी सोय केलेली आहे. असा मान तुमच्या घरातल्या कपबशीला नाही. हे कार्य मी दोन वर्षं, दर खेपेला सहाशे मीटर, निष्ठेने केलं. उरलेल्या वेळात मी आप्पांच्या हॉटेलात बटाटेवड्यांच्या परातीवर एका खिळ्याला टांगलेला असे.

सहाशे मीटरच का, ते सांगतो. पण आत्मवृत्तात जन्म आधी सांगायची रीत आहे.

माझा जन्म इथून फार लांबच्या एका कारखान्यात झाला. आमच्या तुकडीतल्या एका भावाला उंचावरून लोखंडावर आपटून पाहण्यात आलं. तो टिकला, म्हणून आम्हा सगळ्यांना सरकारी छाप मिळाली. त्याला मात्र फेकून दिलं, कारण एकदा मार खाल्लेलं हेल्मेट पुन्हा वापरायचं नसतं. आमच्या जातीत एकदाच कामाला यायचं असतं, आणि तेही वेळेवर.

तिथून मी खेडच्या एका दुकानात आलो. ऐन दिवाळीत दाभोळचा स्वरूप तिथे आला. तो बोटीवर नोकरीला. सोबत त्याची बहीण अक्षया.

"भाऊबीजेला हेल्मेट?" ती म्हणाली. "लोक हसतील रे."

"हसू देत. आमच्या बोटीवर डोक्यात टोपी नसली तर कप्तान डेकवर पाऊल ठेवू देत नाय. तुझ्या त्या घाटीत कप्तान नाय, म्हणून मी सांगतोय."

"आणि साडी?"

"साडी पुढच्या वर्षी. आधी डोकं."

त्याने स्वतः मला तिच्या डोक्यावर बसवलं, हनुवटीखाली पट्टा लावला, दोन बोटं घालून ताण बघितला. मित्रांनो, माझा पट्टा इतक्या मायेने पुन्हा कुणी लावला नाही. इतक्या मायेने कशाला, पुढे तो कुणी लावलाच नाही.

अक्षया खोलवाडीची सून. खोलवाडी खाडीच्या काठाला. तिथून सात वळणांची घाटी चढायची, मग कातळाचा सपाट सडा, मग रत्नागिरी. अक्षया शहरात एका लॅबमध्ये रक्त तपासायला घेई, बाटल्यांवर नावं घाली. नवरा मुंबईत. घरी सहा वर्षांची ओवी आणि सासरे हरिहर गुरुजी, निवृत्त मुख्याध्यापक. रोज सकाळी स्कूटरने जायचं आणि संध्याकाळी दिवेलागणीच्या आत परत यायचं.

पहिलं वर्ष मी तिच्या डोक्यावर घरापासून लॅबपर्यंत आणि लॅबपासून घरापर्यंत होतो. शहराच्या तोंडाशी आप्पांचं हॉटेल आहे. आप्पा खोलवाडीचेच. ते तिला रोज हाक मारत.

"काय गो अक्षया, चंद्रावर चाललीस काय? येताना माती घेऊन ये वाईच."

"आणते हो आप्पा. तुमच्या चहात घालू. रंग तरी येईल."

हॉटेल हसायचं. मीही आतून थोडा हसायचो. तो काळ सुखाचा होता. सुखाचा काळ चार ओळींत संपतो, हे तुम्ही इतर आत्मवृत्तांत वाचलं असेलच.

मग आप्पांच्या हॉटेलापुढे तीनशे मीटरवर वाहतुकीचा नाका बसला. एक हवालदार उघड्या डोक्यांचे मोबाइलवर फोटो काढू लागला. फोटो काढला की दंडाचा निरोप थेट घरी. खोलवाडीत हाहाकार उडाला. देवळात सभा भरली. हेल्मेट विकत घेणं हा एक मार्ग होता, पण तो कुणी सुचवला नाही. ऐपत नव्हती असं नाही. अंगणात नवी मोटरसायकल आणि पोराच्या हातात नवा मोबाइल असलेली माणसं होती ती. एका नाक्यासाठी हेल्मेट घ्यायचं हे त्यांना उधळपट्टीचं वाटलं, इतकंच.

तेव्हा हरिहर गुरुजी उभे राहिले. त्यांना गणिताची आवड.

"आमच्या सूनबाईचं हेल्मेट साडेनऊ ते पाच लॅबमध्ये खुंटीला असतं. साडेसात तास! वस्तू पडून राहण्यापेक्षा कुणाच्या उपयोगी पडावी. एक गाव एक गणपती आपल्याला जमतो. मग एक गाव एक हेल्मेट का जमू नये?"

टाळ्या झाल्या. मागे बायकांतून अक्षया म्हणाली, "बाबा, ते मला येता-जाता लागतं."

"येता-जाता तुझंच आहे गो. मधल्या वेळात गावाचं."

पुन्हा टाळ्या. सगळ्या गावासमोर सासऱ्यांना दुसऱ्यांदा अडवणं अक्षयाला जमलं नाही.

व्यवस्था मात्र चोख होती. सकाळी अक्षया मला नाक्यापलीकडे तीनशे मीटरवर बाळाच्या पंक्चरच्या दुकानात ठेवी. तिथून वाडीतल्या नितेशची रिक्षा मला आप्पांकडे आणी, कारण रिक्षावाल्याला हेल्मेट लागत नाही. मग जो शहरात जाईल त्याने मला आप्पांच्या खिळ्यावरून काढायचं, डोक्यावर ठेवायचं, नाका ओलांडायचा आणि बाळाकडे टाकायचं. नितेश मला परत आणणार. शहरातून परतणाऱ्याने हेच उलट करायचं. आप्पा ते बाळा, सहाशे मीटर. घाटीच्या सात वळणांवर लोक उघड्या डोक्याने येत, कारण तिथे फोटो काढायला कुणी नसे. कायदा म्हणतो, सार्वजनिक ठिकाणी दुचाकीवर बसणाऱ्याने हेल्मेट घालावं. खोलवाडीने त्याचा अर्थ लावला की सार्वजनिक ठिकाण म्हणजे जिथे हवालदार असतो ते.

मी नाना डोकी पाहिली. मोठ्या डोक्यांवर मी टोपीसारखा तरंगायचो, लहान डोक्यांच्या नाकापर्यंत उतरायचो. पट्टा लावण्यात वेळ कोण घालवणार? माझं कौतुक झालं नाही असं मात्र नाही. एकदा वाडीतल्या मालनने बाजारातून येताना माझ्यात अर्धा डझन अंडी आणली. एकही फुटलं नाही. "काय मजबूत वस्तू आहे गो!" असं तिने तीन घरी सांगितलं.

हवालदारालाही डोळे होते. एकदा त्याने नितेशच्या मेव्हण्याला थांबवलं.

"हे हेल्मेट मी आज अकराव्यांदा बघतोय."

"कंपनी एकच ना साहेब. आमच्याकडे सगळे तीच घेतात."

"आणि सगळ्यांचा ओरखडा पण डाव्या बाजूलाच?"

"आमची घाटी डावीकडे वळते, साहेब."

हवालदार हसला. ऊन फार होतं. "जा," तो म्हणाला, "फोटोत डोकं झाकलेलं दिसलं म्हणजे झालं." दुसऱ्या दिवशी आप्पांनी तो ओरखडा काळ्या रंगाने बुजवला. मी पुन्हा नव्यासारखा दिसू लागलो.

येता-जाता मी तिचाच, असं ठरलं होतं. जाताना होतोही. पण पाच वाजता ती बाळाच्या दुकानी येई तेव्हा मी बहुधा आप्पांकडे असे, नाहीतर रिक्षात, नाहीतर कुणीतरी मला डोक्यावर विसरून बाजारात गेलेला असे. "आत्ता येईल वैनी, पाच मिनिटं," बाळा म्हणे. ती सुरुवातीला थांबायची. पण घरी ओवी, उतरती संध्याकाळ, पुढे घाटी. मग ती नाक्याच्या मागच्या, एरवी कुणी न वापरणाऱ्या खाचखळग्यांच्या रस्त्याने मला न घेताच जाऊ लागली. पुढे सकाळीही तिने मला आप्पांच्या खिळ्यावर राहू दिलं आणि इतरांसारखी सहाशे मीटरपुरतीच मला घालू लागली. आप्पा म्हणाले, "आता कशी माणसात आलीस!" या वेळी तिने मला डोक्यावर ठेवलं आणि स्कूटर सुरू केली.

या जानेवारीत शहरातल्या एका शाळेत रस्ता सुरक्षेचा कार्यक्रम होता. प्रमुख पाहुणे म्हणून हरिहर गुरुजींना बोलावलं होतं. न्यायला आलेल्या, स्वतःचं हेल्मेट असलेल्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या मोटरसायकलवर मागे बसून ते निघाले. नाका ओलांडल्यावर त्यांनी मला बाळाकडे दिलं नाही. "मुलांना दाखवायला होईल," म्हणाले.

व्यासपीठावर मला टेबलावर ठेवलं, गुच्छाच्या शेजारी. गुरुजी चाळीस मिनिटं बोलले. चांगलं बोलले. मेंदूचं वजन सांगितलं. त्यांचा फोन माझ्याजवळच मुका करून ठेवलेला. त्यावर 'अक्षया' असं तीनदा उजळलं. तिसऱ्यांदा त्यांनी तो पाहिला आणि उपडा ठेवला. सभेत फोन घेऊ नये ही शिस्त त्यांनी तीस वर्षं मुलांना लावली होती.

ओवीच्या वाडीतल्या शाळेतून फोन आला होता, पोरीला सणकून ताप भरला आहे, न्यायला या. अक्षया दुपारी एकलाच लॅबमधून निघाली. पुढचं मला नंतर पोलिसांच्या बोलण्यातून कळलं. बाळा ते कितीतरी दिवस येईल त्याला सांगत होता.

"बाळा, हेल्मेट?"

"गुरुजी घेऊन गेले वैनी. पाच मिनिटं थांबा."

"आज नको. घाटीत खडी पडलीय रे, चिऱ्याचे ट्रक सांडून गेलेत. आज मला हवं होतं."

"अहो, हवालदार जेवायला गेलाय! बिनधास्त जावा."

ती गेली. घाटीच्या तिसऱ्या वळणावर लाल मातीत आणि खडीत स्कूटर घसरली.

गुरुजी आणि मी पोचलो तेव्हा नितेशने तिला रिक्षात घालून नेलं होतं. स्कूटर आडवी पडली होती, अर्धी वाडी जमली होती. आप्पांनी गुरुजींच्या हातातून मला काढून घेतलं आणि स्कूटरच्या बाजूला मातीत नीट ठेवलं.

"विम्याला बरं पडतं, गुरुजी," ते हळू म्हणाले. "तुम्ही फक्त होय म्हणा."

पंचनाम्याला आलेला हवालदार नाक्यावरचाच होता. त्याने मला उचललं. क्षणभर बघितलं. ओळख पटली होती.

"गुरुजी, सूनबाईंनी हे घातलं होतं?"

ज्यांनी आयुष्यभर खोटं बोलणाऱ्या मुलांना अंगठे धरून उभं केलं, ते हरिहर गुरुजी म्हणाले, "होय."

हवालदाराने मला सावकाश फिरवलं. "डोकं फुटलं, आणि याला ओरखडा नाही?"

आप्पा म्हणाले, "कंपनी चांगली आहे, साहेब."

हवालदाराने लिहिलं : हेल्मेट नग एक, काळ्या रंगाचे, सुस्थितीत. गुरुजींनी त्याखाली सही केली. त्यांचं अक्षर अजून सुंदर आहे.

तेव्हापासून मी पोलीस ठाण्याच्या मुद्देमालाच्या खोलीत आहे. विमा कंपनीचा माणूस एकदा येऊन गेला, पंचनाम्यातल्या 'सुस्थितीत' या शब्दाखाली रेघ मारून गेला.

बोट बंदराला लागल्यावर स्वरूप आला. त्याने मला बघायला मागितलं. हातात घेतलं, पट्टा ओढून पाहिला. "हा तर अजून कडक आहे," तो म्हणाला. "वापरलाच नाय जणू."

ठाण्यातल्या पोलिसाने विचारलं, "कशी आहे बहीण?"

"हिंडते-फिरते. जेवते हाताने." मग म्हणाला, "पोरीचं नाव आठवत नाय तिला. पोर रोज सांगते, ही रोज नवीन ऐकते. लॅबवाल्यांनी दुसरी बाई घेतली. बाटल्यांवर नावं कोण घालणार?"

पोलिसाने त्याला चहा विचारला. तो नको म्हणाला. मला परत मागण्याचा अर्जही त्याने केला नाही.

मित्रांनो, शेवटी उपदेश करायचा असतो. माझ्याकडे फारसा नाही. खोलवाडीची माणसं वाईट नव्हती. रक्त लागेल म्हणून दवाखान्यात त्या दिवशी बावीस जण रांगेत उभे होते. आप्पांनी तीन दिवस हॉटेल उघडलं नाही. गुरुजी आता ओवीला स्वतः चालत शाळेत सोडतात, आणि सभेला जात नाहीत. तुम्ही छत्री उसनी द्या, पुस्तक द्या, वेळ पडली तर रक्तही द्या. पण जे आपल्या डोक्याच्या मापाने घेतलं, ते गावाने कितीही टाळ्या वाजवल्या तरी देऊ नका. आणि पट्टा लावत जा. त्याला फार वेळ लागत नाही. मी मोजला आहे, चार सेकंद.

परवा इथे दोन पोलीस बोलताना ऐकलं. रस्ता रुंद करायचा म्हणून गेल्या महिन्यात तो नाका उठवून शहराच्या पलीकडच्या बाजूला नेला. खोलवाडीत आता हेल्मेट कुणालाच लागत नाही.