तासाभराची हवा

मिल्काची बोटं त्या हिवाळ्यात सुटी होऊ लागली. दोन वर्षं तिला स्वेटरची बटणं लावता येत नव्हती. नोव्हेंबरात तिने पोवितिसा, म्हणजे अक्रोड भरलेली गोड पावाची गुंडाळी, स्वतः मळली, टेबलभर पातळ लाटली, गुंडाळली आणि भाजली. मुलगा डेल दोन तुकडे खाऊन म्हणाला, "आई, तू तर पुन्हा साठीची झालीस." सून मार्लिसनेही कौतुक केलं. बोटं कशाने सुटी झाली, हे तिने विचारलं नाही. तिच्या डोक्यात तेव्हा तळघर होतं.

तळघरात तिची मुलगी टेसा झोपायची. घर मिल्काचं. गुडघे दुखतात म्हणून मिल्काने पायऱ्या न लागणारी मोठी खोली घेतली, तेव्हा तेरा वर्षांची टेसा खाली गेली आणि तिथेच रमली. तीन वर्षं झाली. मग रस्त्यापलीकडची ॲडेल फुप्फुसाच्या कॅन्सरने गेली. तिने जन्मात सिगारेट ओढली नव्हती, पण तिचं शिवणाचं मशीन तळघरात होतं. अंत्यविधीहून परतताना मार्लिसने रेडॉन तपासायचा डबा विकत आणला आणि टेसाच्या उशाशी ठेवला. जमिनीतून झिरपणारा, फुप्फुसाचा कॅन्सर करणारा हा वायू मोजमापात चारच्या वर गेला की उपाय करा, असं अमेरिकेचं सरकार सांगतं. यांच्याकडे एकोणीस निघाला.

"एकोणीस!" मिल्का हसली. "खाणीत याच्या शंभरपट असतो. तीस वर्षं जातेय मी. कॅनडातून लोक गाड्या हाकत येतात, बोगद्यातल्या बाकावर बसून हीच हवा घेतात, वर पैसे मोजतात. मेले का ते?"

"तुम्ही संधिवातासाठी जाता. टेसाला संधिवात नाहीये."

"मग होणारही नाही."

त्या खोऱ्यात या बोलण्याला कुणी वेडेपणा म्हटलं नसतं. ज्याच्या आत्याने किंवा मावशीने खाणीतून येऊन काठी टाकून दिली नाही, असं घर तिथे शोधावं लागलं असतं.

मार्लिसने हॉलिसला बोलावलं. त्याचा धंदाच हा. त्याने तळघराच्या फरशीला भोक पाडलं, त्यात पाइप बसवला, तो भिंतीबाहेरून छपरापर्यंत नेला आणि मध्ये पंखा लावला. जमिनीखालची हवा घरात शिरण्याआधीच ओढून वर सोडायची, एवढंच काम. आतल्या पाइपवर त्याने वाकवलेली एक नळी टांगली. तिच्यात लाल पाणी होतं.

"दोन्ही बाजू वरखाली आहेत तोवर पंखा ओढतोय, खुशाल झोपा," तो म्हणाला. "पाणी सारख्या पातळीला आलं की मला फोन करा."

मार्लिस शाळेची बस चालवायची आणि सकाळ-संध्याकाळच्या फेऱ्यांमध्ये शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची. रोज संध्याकाळी घरी आली की आधी खाली जाऊन ती नळी बघायची. पाणी कायम वरखाली. तरी दुसऱ्या तपासणीत आकडा अकरा आला. हॉलिसने फरशीतल्या भेगा बुजवल्या, आणखी एक भोक पाडलं. दहा.

"पंचवीस वर्षांत असं पाहिलं नाही," तो म्हणाला. "हे घर माझ्यावर डूख धरून बसलंय, बाई."

जानेवारीत एकदा बसच्या ब्रेकचं काम निघालं आणि मार्लिसला भर दुपारी घरी सोडण्यात आलं. दार उघडताच तिला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. पंख्याची घरघर नव्हती. तळघरात दिवा जळत होता.

टेसाच्या पलंगाशेजारच्या खुर्चीत मिल्का गुडघ्यांवर गोधडी घेऊन बसली होती. पुढ्यात पत्ते मांडलेले. भिंतीवरच्या नळीतलं लाल पाणी पाणसळीने आखावं तसं एका रेषेत होतं.

"तुमचे गुडघे?" मार्लिसच्या तोंडून एवढंच निघालं.

"बसून उतरते. एकेक पायरी, रांगत्या पोरासारखी."

"पंखा तुम्ही बंद केलात."

"तुम्ही गेलात की बंद, यायच्या आधी चालू. एक दिवस चुकले नाही." आवाजात अभिमान होता. तिने दोन्ही हात वर केले आणि दहाही बोटं पसरली. "ही बघ. खाणीत न्यायला तुमच्यापैकी सवड आहे कुणाला? डेलला म्हणावं तर 'पुढच्या शनिवारी, आई.' देवाने तीच हवा घरात दिली, तर तू ती छपरावरून उधळतेस."

संध्याकाळी जेवताना मार्लिसने सगळं डेलला सांगितलं. त्याने ताटात आणखी बटाटे वाढून घेतले.

"टेसा दिवसा शाळेत असते ना?" तो म्हणाला. "मग दिवसा बंद, रात्री चालू. त्यात काय बिघडलं?"

"पंखा थांबला की ते पुन्हा साचतं, डेल. रात्री ते उपसेपर्यंत पोरगी काय श्वास रोखून झोपणार?"

"आईची बोटं तरी बघ. काहीतरी मधला मार्ग—"

"आहे मधला मार्ग. खोल्या बदलू. टेसा वर, या खाली. पायऱ्या तर यांना जमतातच. पंखा रात्रंदिवस बंद ठेवा आणि हवी तेवढी हवा घ्या."

डेलचा चेहरा उजळला. त्याने आईकडे पाहिलं. मिल्काने काटा खाली ठेवला.

"रात्रभर?"

"रात्रभर. दिवसाही."

"असं नसतं ते," मिल्का म्हणाली. "खाणीत तास झाला की घंटा वाजते. बाहेर काढतात. वर्षाला किती तास घ्यायचे ते ठरलेलं आहे. त्यापुढे दुप्पट पैसे दिलेत तरी आत घेत नाहीत. औषध आहे ते, काय वाट्टेल तेवढं..." ती थांबली.

टेसा आजीकडे बघत होती.

"आणि हिची घंटा?" मार्लिस म्हणाली. "तीन वर्षं ही रोज रात्री खाली झोपतेय. हिची घंटा कुणी वाजवायची होती?"

"ती तरुण आहे," मिल्का म्हणाली. हे तिने डेलला सांगितलं. डेलने बटाटे तोंडात घातले.

दुसऱ्याच दिवशी हॉलिसने पंख्याचं बटण काढून टाकलं आणि वायर कुलपाच्या पेटीत बंद केली. पुढच्या तपासणीत आकडा दोनच्याही खाली आला. हॉलिसने मार्लिसचा हात हातात घेऊन हलवला.

फेब्रुवारी अर्धा सरेपर्यंत मिल्काची बोटं पुन्हा मिटली. तिने ते लपवलं नाही. न्याहारीला कप हातातून सुटे, स्वेटर दिवसभर उघडा राही. मार्लिस बटणं लावायला पुढे झाली की ती म्हणे, "राहू दे. तू केलंस तेवढं पुष्कळ झालं." मग टेसा लावायची.

टेसाला नुकताच गाडीचा परवाना मिळाला होता. एका शनिवारी ती किल्ली घेऊन उभी राहिली.

"आजीला खाणीत नेतेय."

"नेऊन सोड. तू बाहेर गाडीत बस," मार्लिस म्हणाली.

"या थंडीत तासभर? आणि आत तिचे हातमोजे कोण काढणार? पाणी कोण पाजणार?"

"टेसा, त्या संध्याकाळी तूच ऐकलंस ना तिच्या तोंडून?"

"ऐकलं. तासाभराने घंटा वाजते म्हणाली." टेसाचा आवाज चढला. "तिच्या वाट्याची हवा तू कुलपात घातलीस, आई. बाबा तिला नेत नाही. तू तर नेणारच नाहीस. मग कुणी न्यायचं?"

तिथला एक तास म्हणजे पंखा नसतानाच्या या तळघरातल्या दहा-बारा रात्री, हा हिशेब मार्लिसने तिला तिथल्या तिथे करून दाखवला. टेसाने तो पुरा ऐकून घेतला आणि खाली वाकून आजीच्या बुटांच्या नाड्या बांधल्या. मिल्का सुनेच्या खांद्यावरून खिडकीकडे बघत होती.

गाडी गेल्यावर मार्लिस सवयीने तळघरात उतरली. लाल पाणी एका बाजूला वर होतं, एका बाजूला खाली. पंखा नीट ओढत होता. तिने टेसाची चादर झटकून घातली, उशी सरळ केली.

दुपारी टेसाचा स्वेटर धुण्यात पडला. त्याला बोगद्यातल्या ओल्या दगडाचा वास येत होता.